कमलनं आणलेली गाणी

हे मी अजून कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, तो गेला. मुलीला सांगितलं नाही, कारण ती 'एवढंच ना आई' म्हणून फोन ठेवेल, आणि मला तेच नको आहे. एवढंच नाही ते. भजनातल्या बायकांना तर सांगायची सोयच नाही. का नाही, ते पुढे कळेल. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. तुमच्यापाशी बोलायला बरं पडतं.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, गुडीहत्नूरपासून जवळ, हायवे सोडून थोडं आत. दीड एकराची वाडी आहे, मेथी, पालक, वांगी काढतो. आता सून बघते सगळं. मी बांधावर बसून तिला चुका सांगते. दर गुरुवारी दुपारी मात्र मी वाडीत नसते. मारुतीच्या देवळात बायकांचं भजन असतं. तीस वर्षं होत आली, मी गुरुवार चुकवलेला नाही.

त्या भजनाची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी. नवं गाणं जिनं आणलं, तिनंच त्याची पहिली ओळ म्हणायची. बाकीच्यांनी मागून उचलायचं. गाणं संपलं की तिनंच सगळ्यांना हळदी-कुंकू लावायचं. आणि वहीत त्या गाण्याच्या डोक्यावर तिचं नाव लिहायचं. पुढे कधीही ते गाणं निघालं आणि ती हजर असली, तर पहिली ओळ तिचीच. एकदा एकीनं दुसरीच्या गाण्याची पहिली ओळ घेतली, तर दोघी सहा महिने एकमेकींच्या दारावरून जाताना तोंड फिरवत होत्या. हसू नका. आमच्या बायकांपाशी दुसरं काय होतं स्वतःच्या नावाचं? शेताचा पट्टा नवऱ्याच्या नावानं, घर सासऱ्याच्या नावानं. वहीतलं गाणं तेवढं आपलं.

त्या वहीत सगळ्यात जास्त वेळा माझं नाव आहे. गंगाबाई, गंगाबाई, गंगाबाई. पानामागून पान.

आता कमलबद्दल सांगते.

कमल माझ्यापासून दोन घरं पलीकडे राहायची. माहेर मुधोळकडचं. नवरा लवकर गेला. एक मुलगा आणि एक शिलाई मशीन, एवढा संसार. ब्लाऊज शिवायची. मशीनवर बसलेल्या बाईचे हात गुंतलेले, पाय गुंतलेले, कान तेवढे मोकळे. त्या कानांनी ती गाणी गोळा करायची. रेडिओवरचं, लग्नाच्या मांडवातलं, माप द्यायला आलेली बाई गुणगुणत असेल ते, माहेरच्या म्हाताऱ्यांचं. एकदा ऐकलं की चाल तिच्या डोक्यात बसली. आवाज मात्र नव्हता. ती स्वतःच सांगायची, "माया गळा म्हंजे फुटकं डबडं. आतमंधी सोनं असलं तरी वाजते डबडंच."

तिला गाण्यात गोडी होती, पण त्याहून जास्त गोडी गाणं देण्यात होती. हे मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. तिला नवं गाणं सापडलं की ते स्वतःजवळ ठेवणं तिला जमायचं नाही, हातात गरम भाकर धरल्यासारखं व्हायचं. मला हाक मारायची, "गंगे, ये वं, ऐकून पाय." आणि गाणं म्हणताना ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. दुसऱ्या ओळीला तिला कळायचं, मला लागलं की नाही. लागलं तर तिचा चेहरा असा व्हायचा, जसा तिचाच मुलगा पास झाला. नाही लागलं तर, "जाऊ दे, हे तुयं नाई," म्हणून दुसरं. राग नाही, रुसवा नाही. ब्लाऊज बसला नाही की ती उसवून पुन्हा शिवायची, तसंच.

आणि कोणतं गाणं कोणाचं, हे तिला बरोबर कळायचं. आमच्या गल्लीत एका बाईची सासू वारली. दोघींचं आयुष्यभर पटलं नव्हतं. बाईला रडू येईना, लोक नावं ठेवायला लागले. आम्ही सगळ्या देवाची गाणी शोधत होतो. कमल म्हणाली, "तिले देवाचं नोको. तिले भांडनाचं द्या." सासू-सुनेच्या कटकटीचं एक जुनं गाणं होतं, चांगलं खमंग. ते त्या बाईला ऐकवलं. ती आधी हसली. हसता हसता रडायला लागली ती थांबेचना.

ऐकवलं कोणी? मी. आजही ती बाई लोकांना सांगते, गंगाबाईनं मला ते गाणं दिलं नसतं तर माझं रडणं आतच राहिलं असतं.

सुरुवात कशी झाली ते सांगते — सबब म्हणून घेऊ नका. कमल विधवा. रिवाजाप्रमाणे ती हळदी-कुंकू लावू शकत नव्हती. मग पहिली ओळ कशी घेणार, वहीत नाव कसं लागणार? ती मागे बसून टाळ वाजवायची. तिचं पहिलं गाणं मी भजनात नेलं तेव्हा तिनंच सांगितलं, "माया नावानं सांगशीन तं गानं बाहीरच राहीन. तू आपल्या नावानं म्हन." तेव्हा मला वाईट वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. पहिली ओळ म्हणताना मी अडखळले. दुसऱ्या गाण्याला थोडं कमी अडखळले. चौथ्या-पाचव्याला काहीच नाही.

मग मला सवय लागली. तुम्ही कोणाला कधी गाणं सांगितलं आहे का — आणि ते त्याला आवडलं आहे? मग तुम्हाला ठाऊक असेल. समोरचं तोंड उजळतं आणि आपल्याला वाटतं, हे आपण केलं. गाणं आपण रचलेलं नसतं, चाल आपली नसते, पण 'हे ऐक' म्हणणारे आपण. मला ते फार आवडायचं. मेथीची जुडी कितीही चांगली असली तरी घेणारी बाई नाक मुरडून घेते. गाणं घेताना बायका हात जोडून घ्यायच्या. नेरडीगोंड्याहून निरोप यायचे, बारसं आहे, काय म्हणू? डोहाळजेवण आहे, काय म्हणू? मी म्हणायची, "उद्या सांगते, विचार करावा लागंन." आणि संध्याकाळी कमलच्या दारात.

कमल सांगायची. मी दुसऱ्या दिवशी फोनवर तिचेच शब्द बोलायची. 'हे तिचं नाही, तिला दुसरं द्या' — हेसुद्धा.

काही वर्षं हे चाललं. मग विमलबाईंचे यजमान गेले. विमलबाई म्हणजे आमच्या भजनाच्या प्रमुख, शाळेत बाई होत्या, वही त्यांच्याकडे असते. महिन्याभरानं त्या देवळात आल्या आणि म्हणाल्या, आजपासून हळदी-कुंकू बंद, सगळ्यांनी सगळ्यांना बुक्का लावायचा, आणि पहिली ओळ कोणीही म्हणायची, सवाशीण असो की नसो. स्वतःवर आल्यावर सुचलं, पण सुचलं. दोघी-चौघी कुरकुरल्या आणि गप्प झाल्या.

त्या दिवशी कमल मागे बसलेली होती. तिनं सगळं ऐकलं.

पुढच्या गुरुवारी नवं गाणं होतं. कमलनं मंगळवारी मला दिलं होतं. विमलबाईंनी वही उघडली आणि विचारलं, "हे कोणी आणलं?" दर वेळेस विचारायच्या तसंच. कमलनं टाळ मांडीवर ठेवले आणि वर पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं, विमलबाईंच्या पेनाकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मी."

कमलनं टाळ उचलले.

बास. एवढंच झालं. ती घरी जाताना माझ्यासोबतच चालत आली. मिरच्यांचं काहीतरी बोललो आम्ही. मी वाट बघत होते की आता ही बोलेल. म्हटलं, बोलली तर मी कबूल करीन. नाही बोलली. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा हाक मारली, "ये वं गंगे, ऐकून पाय."

काऊन दिलं तिनं पुन्हा? मी हे स्वतःला फार वेळा विचारलं आहे. तिला गाणं पोचण्याशी मतलब, नावाशी नाही — असं म्हणून मी कितीतरी वर्षं आरामात झोपले. ते खरं असेलही. पण पेनाकडे पाहिलं होतं तिनं. ते मी पाहिलं होतं.

एकदा वाटलं, आपणच एखादं गाणं शोधावं. म्हणजे वहीत निदान एक तरी खरं माझं राहील. आदिलाबादला मुलीकडे गेले होते, तिथं एका पूजेत ऐकलं, मला बरं वाटलं, लिहून आणलं. गुरुवारी म्हटलं. बायकांनी पहिलं कडवं उचललं आणि तिसऱ्यात देवळाबाहेरच्या शेळ्या बघायला लागल्या. एक पोरगी म्हणाली, "काकू, आज मीठ टाकाचं राह्यलं वाट्टे." सगळ्या हसल्या, मीही हसले. कमल हसली नाही. घरी जाताना म्हणाली, "गानं खराब नाई वं. आपल्या बायायचं नाई, एवढंच." ती मला सांभाळून घेत होती. मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याकडे गेले नाही.

मोबाईल आले तसं आणखी सोपं झालं. कमलच्या मुलानं तिला फोन घेऊन दिला. ती गाणं शोधून मला पाठवायची, मागून स्वतःचा आवाज पाठवायची — हे अमकीला दे, हे तमकीला नको. मी ते भजनाच्या ग्रुपवर टाकायची. पण गाणं दुसऱ्याकडून आलेलं असलं की वर तसं लिहून येतं. नातीला विचारलं, हे लिहिलेलं कसं घालवायचं? तिनं शिकवलं, आधी फोनमध्ये उतरवून घ्यायचं, मग नव्यानं पाठवायचं. "काऊन वं आजी, चोरून आणलं काय?" म्हणाली. मी तिला चापट मारली. हसतच मारली.

तुम्हाला वाटत असेल हाच कबुलीजबाब. माझंही मन म्हणतं, इथंच थांब. मैत्रिणीची गाणी आपल्या नावावर खपवली — वाईट आहे, पण जगात यापेक्षा मोठ्या चोऱ्या होतात. खरं सांगायचं तर एवढ्यासाठी मी सांगायला बसले नसते.

गेल्या थंडीत कमलला लकवा झाला. डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, थोडं जड, पण कळायचं. डोकं मात्र चाळणी झालं. माणसं ओळखायची, मुलाला-सुनेला ओळखायची, मला तर पावलावरून ओळखायची. पण मधली वर्षं सगळी पुसली. मशीनकडे बघून विचारायची, हे कोणाचं? मी रोज दुपारी जाऊन बसायची. सुनेला तेवढीच मोकळीक, ती त्या वेळात पाणी भरायची, कपडे धुवायची.

एका दुपारी आम्ही दोघीच होतो. कमल म्हणाली, "गंगे, मले गानं सांग वं."

मी म्हटलं, "कोनतं?"

"तुले माईत. तू सगळ्यायले सांगते ना. मले काऊन नाई सांगत?"

ती टोमणा मारत नव्हती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, म्हणून सांगते. तिच्या पुसलेल्या डोक्यात बाकी काही राहिलं नव्हतं, पण हे राहिलं होतं की गंगी सगळ्यांना गाणी सांगते. गावाला जे ठाऊक होतं तेच आता तिलाही ठाऊक होतं.

आणि मला गाणं सुचेना. इतकी वर्षं बारशाला, डोहाळजेवणाला, मयताला गाणी सांगणारी बाई मी — एक बाई खाटेवर पडलेली आहे, तिला काय ऐकवावं, काहीच कळेना. देवाचं द्यावं? हसायचं द्यावं? हिचं गाणं कोणतं? हे मी कधी कोणाबद्दलच ठरवलेलं नव्हतं. ठरवणारी तर समोर पडलेली होती.

शेवटी तिचंच एक म्हटलं. म्हैस हरवलेल्या बाईचं. ती बाई रानभर हिंडते, टेंभुर्णीच्या झाडाला विचारते, ओढ्याला विचारते, पाटलाच्या कुत्र्याला विचारते, माझी म्हैस पाहिली का? आणि घरी येते तर म्हैस गोठ्यात उभी, म्हणते, मी इथंच होते, तूच कुठं हरवली होतीस? कमलनं हे माहेरच्या एका म्हातारीकडून आणलं होतं. वहीत माझ्या नावावर आहे.

मी म्हणत होते आणि पहिल्यांदाच मी तिच्यासारखं, गाणं लागतंय की नाही हे बघायला, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला तिचे डोळे बदलले. कुत्र्यापाशी ती हसली, अर्ध्या तोंडानं, लाळ गळाली, मी पदरानं पुसली. म्हैस बोलली तेव्हा तिनं उजव्या हातानं खाटेवर ठेका धरला. मला माहीत नव्हतं की गाणं कोणाला इतकं लागू शकतं. गाणं संपलं आणि ती म्हणाली, "कोठून आनलं वं हे?"

सांगायला काय लागत होतं? 'तूच आनलं होतं.' तीन शब्द. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. वही नव्हती, विमलबाई नव्हत्या, कोणाला कळणार नव्हतं, माझी इज्जत जाणार नव्हती. उलट ती खूश झाली असती. हे मी आणलं? म्हणून पुन्हा हसली असती.

मी म्हटलं, "मीच आनलं."

ती म्हणाली, "तुले लय पारख हाय गान्याची."

हे मला सांगायचं होतं.

का बोलले तसं? सवयीनं, असं म्हणता येईल. पण सवयीनं माणूस एकदा बोलतं. दुसऱ्या दिवशी ती ते गाणं विसरलेली होती. मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा नव्यानं हसली, पुन्हा विचारलं, कोठून आनलं? तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठ-दहा दुपारी तरी असं झालं. दर दुपारी मला नवी संधी मिळत होती, आणि दर दुपारी मी म्हणत होते, मी. घरून निघताना ठरवायची, आज सांगीन. मग तिचं ते तोंड दिसायचं. सगळ्या गावानं माझ्याकडे त्या तोंडानं पाहिलं होतं, तेवढ्या एका बाईनं पाहिलं नव्हतं, कारण तिला खरं ठाऊक होतं. आता तिचं डोकं गेलं आणि तीही पाहायला लागली. मला ते हवं होतं. लकवा झालेल्या मैत्रिणीकडून मला तेवढंही घ्यायचं होतं. याहून चांगलं कारण माझ्यापाशी नाही.

कमलच्या सुनेनं माझ्या आवाजातलं ते गाणं फोनमध्ये भरून घेतलं, मी नसताना लावायला. महिन्याभरात कमल गेली. सकाळी चहा पिऊन गेली, फार त्रास झाला नाही.

भजनातली बाई गेली की तेराव्याला तिच्या घरी भजन करतो आणि तिनं आणलेली गाणी म्हणतो. विमलबाई वही घेऊन आल्या. अंगणात सतरंजी टाकली होती. त्यांनी चष्मा लावला आणि पानं उलटायला लागल्या. पहिल्या पानापासून. आम्ही बसलो होतो. वही जाड आहे, वेळ लागला. मधेच त्यांनी बोट थुंकीला लावलं, मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मग म्हणाल्या, "कमलबाईंच्या नावावर एकही नाही का हो?"

"तिले कायचं येते," एक जण म्हणाली. "ते तं टाळच वाजवे."

"मुकी बाई होती बिचारी," दुसरी म्हणाली.

मी तिथंच होते. विमलबाईंच्या शेजारी.

विमलबाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "गंगाबाई, तुम्हीच तुमचं एखादं घ्या. तुमची मैत्रीण होती."

मी म्हशीचं घेतलं. पहिली ओळ मी म्हटली, बायकांनी मागून उचललं. चांगलं रंगलं. कमलच्या फोटोला हार होता, उदबत्ती होती, मी फोटोकडे पाहिलं नाही, त्याच्या खालच्या पाटाकडे पाहिलं.

नंतर कमलची सून चहा घेऊन आली. माझ्यासमोर बसली, डोळे पुसले. म्हणाली, "मावशी, आत्याबाई शेवटी शेवटी हेच लावा मनत होत्या. कोनं दिलं मनून इचारलं तं मनायच्या, गंगीनं दिलं. तुमी एवढं चांगलं गानं देल्लं त्यायले, सुखानं गेल्या."

मी म्हटलं, "हाव, पोरी."

चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि घरी आले.